अधिकच्या चिन्हाचा खुलासा

ज्या दोन वर्षांत मी कोल्हापुरात ‘वेब सर्व्हिस म्हणजे काय’ या विषयावर भाषणं देत फिरत होतो, त्या दोन वर्षांत मला स्वतःला तो विषय निम्माच कळलेला होता. तेव्हा कुणी हे तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतला तो काळ. शिवाजी पेठेत एका तालमीमागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक फोन. मी पुण्यात नोकरी करून परत आलेला, त्यामुळे पेठेत माझ्या शब्दाला उगाचच वजन होतं. येताना मी तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणाची जाडजूड फाईल आणली होती. माझं सगळं ज्ञान त्या फाईलमध्ये. तिची शेवटची चाळीसेक पानं मी कधी उघडलीच नव्हती, कारण त्यात नुसते नियम होते आणि नियम वाचणं हे कारकुनाचं काम, असं माझं मत होतं.

भाषण मात्र झकास व्हायचं. मी सांगायचो, “आजपर्यंत वेबसाइट माणसासाठी होती. माणूस पान उघडतो, वाचतो. आता एक कॉम्प्युटर दुसऱ्या कॉम्प्युटरला थेट प्रश्न विचारणार आणि उत्तर घेणार. मधे माणूस नाही. तिला म्हणायचं वेब सर्व्हिस.” मग मी फळ्यावर एक पाकीट काढायचो. आतला मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर तिचं नाव लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. वरचं पाकीट ‘सोप’ नावाच्या पद्धतीचं. पाकीट जाणार वेबच्याच रस्त्यानं. आणि कुठला प्रश्न कसा विचारायचा, उत्तर कसं येईल, याचा करारनामा आधीच लिहून ठेवायचा, त्याचं नाव डब्ल्यूएसडीएल. “एकदा करार पाळला,” मी हात वर करून म्हणायचो, “की पलीकडं कोण आहे, कुठलं मशीन आहे, कशाशी आपल्याला देणंघेणं नाही.” पोरं टाळ्या वाजवायची.

अशाच एका रविवारच्या सकाळच्या भाषणाला शहरातल्या एका रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर बसले होते. साठीला आलेले, शांत गृहस्थ. भाषण संपल्यावर जवळ आले आणि म्हणाले, “आमची दोन साठवण केंद्रं आहेत, एक कागलला, एक जयसिंगपूरला. दिवसभर त्यांचे फोन. ओ पॉझिटिव्ह किती, बी पॉझिटिव्ह किती. आमचा माणूस फोन घेऊन घेऊन वैतागलाय. तुमच्या या पाकिटानं ते होईल का?”

मी म्हणालो, “साहेब, यासाठीच तर ते आहे.”

काम मला मिळालं. कोल्हापूरच्या रक्तपेढीतल्या कॉम्प्युटरवर कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत ती यादी होती. केंद्रावरून प्रश्न यायचा, आमच्या सर्व्हिसनं यादी बघून आकडा परत पाठवायचा. एवढंच. जयसिंगपूरला फोनची लाइन चांगली होती. तिथं मी ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधं पान दिलं: गट निवडा, बटण दाबा. ते पहिल्या दिवसापासून नीट चाललं.

कागलला लाइन खराब. तेच पान उघडायला तीन-चार मिनिटं लागायची आणि मधेच तुटायचं. मग मी तिथल्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात पाकीट नाही, करार नाही, काही नाही. वेबच्या पत्त्याच्या शेवटी रक्तगट जोडायचा आणि ती एकच ओळ पाठवून द्यायची. चटकन उत्तर यायचं. करारनामा लिहायचा राहूनच गेला. लिहिणारा मी आणि वाचणाराही मीच, मग कशाला, असं वाटलं. भाषणात मात्र मी करारावर दहा मिनिटं बोलायचो.

कागलच्या केंद्रावर एक लॅब टेक्निशियन बाई होत्या. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या. कागलच्याच, बौद्ध कुटुंबातल्या. वडील साखर कारखान्यात मजूर होते आणि घरात शिकून पांढरा कोट घालणाऱ्या त्या पहिल्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला त्या फक्त ‘कागलच्या मॅडम’ होत्या. त्यांच्याकडे एक लांबट वही असायची. कुठला प्रश्न कधी विचारला, काय उत्तर आलं, सगळं त्या वहीत वेळेसकट लिहायच्या.

मी प्रोग्राम शिकवायला गेलो त्या दिवशी ती वही बघून हसलो. “आता वही कशाला? सगळं मशीन लिहून ठेवतंय.”

“आसू दे सर,” त्या म्हणाल्या, “मला सवय हाय.”

मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. “सर, आकडा तेवढा येतोय. कुठल्या गटाचा आला त्ये दाखवत न्हाई व्हय?”

“तुम्ही जो विचारला त्याचाच येणार की,” मी म्हणालो आणि शेजारी उभ्या असलेल्या शिपायाकडे बघून हसलो. शिपाईही हसला.

खरं तर परत येणाऱ्या उत्तरात गट लिहिलेला असायचा. एक्सएमएलमध्ये आकड्याच्या शेजारीच, नावासकट. मीच तो पडद्यावर दाखवला नव्हता. जागा कमी होती आणि नुसता मोठा आकडा दिसायला झोकदार वाटत होता.

मे महिना होता. कॉलेजं बंद, शिबिरं कमी, त्यामुळे रक्ताचा तुटवडा दरवर्षीचाच. त्यामुळे कागलला वारंवार शून्य, एक, शून्य असे आकडे दिसायला लागले तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. दोन आठवड्यांनी मॅडमचा माझ्या ऑफिसात फोन आला. “सर, आकडे लई कमी येत्यात. जयसिंगपूरला कसं मिळतंय मग?” मी म्हणालो, उन्हाळा आहे मॅडम. रक्तपेढीतच फोन करून खात्री करायची त्यांची इच्छा होती, पण तिकडच्या व्यवस्थापकानं तंबी दिली होती, की मशीन बसवलंय ते शोभेला नाही, आता फोन करायचा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कागलजवळच्या एका खेड्यातली बाई कागलच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि तिला फार रक्तस्राव झाला. बी पॉझिटिव्ह पाहिजे होतं. केंद्रात नव्हतं. मॅडमनी मशीनला विचारलं. आकडा आला शून्य. त्यांनी नियम मोडून दोनदा कोल्हापूरला फोनही लावला, लाइन दोन्ही वेळा एंगेज. बाईचा नवरा तिच्याजवळ थांबला आणि दीर जीप काढून थेट मिरजेला गेला. जाऊन-येऊन साडेतीन तास. तिचं नशीब आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांचे कष्ट, बाई वाचली. मुलगी झाली होती, तीही ठीक.

आठवड्यानं तो दीर कोल्हापूरच्या रक्तपेढीत आला. कारण चांगलं होतं: वहिनी वाचली म्हणून त्याला रक्त द्यायचं होतं. रक्त देता देता सहज बोलणं निघालं आणि तिथल्या माणसानं रजिस्टर उघडून दाखवलं, की त्या दिवशी, त्या वेळेला, बी पॉझिटिव्हच्या अकरा पिशव्या फ्रीजमध्ये होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. खोलीत डॉक्टर, व्यवस्थापक, तो दीर, कागलच्या मॅडम आणि मी. दीर चाळिशीचा, ऊसवाला शेतकरी, खणखणीत आवाजाचा. मी आत शिरलो तर म्हणाला, “पावणं, तुमीच व्हय त्ये मशीनवालं? अकरा बाटल्या हुत्या की हितं! आन् आमी मिरजंला पळतोय!”

मी घाबरलो होतो, पण तयारीनिशी गेलो होतो. सर्व्हिसकडे आलेला प्रत्येक प्रश्न मी नोंदवून ठेवत होतो. त्या दिवसाच्या नोंदींचा कागद छापून नेला होता. तो मी डॉक्टरांच्या पुढं ठेवला आणि ओळीवर बोट ठेवलं. कागलहून, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, बी निगेटिव्ह. उत्तर, शून्य.

“मॅडमनी निगेटिव्ह विचारलंय,” मी म्हणालो. “निगेटिव्ह खरंच शून्य होतं.”

मॅडम ताडकन उठल्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं, पुरुषी क्रियापदात, म्हणाल्या, “मी खोटं बोलतो व्हय सर? पॉझिटिव्हच दाबलंय. वहीत लिवलंय बघा की.”

“वही माणसानं लिहिलीय,” मी म्हणालो. “हे मशीननं लिहिलंय. मशीनला खोटं बोलून काय मिळणार? आणि हीच सर्व्हिस जयसिंगपूरला महिनाभर बिनचूक चालते. मग फरक कशात आहे?”

त्या क्षणापर्यंत मी जे बोलत होतो ते मला खरंच वाटत होतं. एवढीच काय ती माझी बाजू.

दीर त्यांच्याकडे वळला आणि त्यांना जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. वहिनी मेली असती तर, इथून सुरुवात होती. डॉक्टरांनी त्याला आवरलं. तो आणि मॅडम बाहेर गेल्यावर व्यवस्थापक टेबलावरचे कागद गोळा करत, कुणाकडे न बघता म्हणाला, “राखीव जागा भरायच्या म्हणून भरायच्या, मग हे असंच होणार.” डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बोलले नाहीत. मीही बोललो नाही. उलट मला आत कुठंतरी बरं वाटलं. ते वाक्य माझ्या बाजूनं होतं, हे मला कळलं होतं. ही गोष्ट मी आजपर्यंत बायकोलाही सांगितलेली नाही.

मॅडमकडून लेखी खुलासा मागितला गेला.

चार दिवसांनी त्या एस.टी.नं कोल्हापूरला आल्या आणि पत्ता विचारत माझ्या ऑफिसचा जिना चढल्या. मी भांडणाच्या तयारीत होतो. त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली.

“सर, भांडाय आलो न्हाई. ह्ये बघा. मी महिन्याभराचं काढलंय. निगेटिव्ह इचारलं की उत्तर बराबर येतंय. पॉझिटिव्ह इचारलं की कायम कमी. आन् एकाच दिवशी मी ओ पॉझिटिव्ह आन् ओ निगेटिव्ह दोनी इचारलं, तर दोनीचं उत्तर एकच. ए चं पन तसंच. पाच दिवस असं झालंय. पाचीच्या पाची दिवस कसं आसंल?”

मी वहीकडे बघितलं. अक्षर सुरेख, रेषा मारलेल्या. पाच जोड्यांखाली लाल शाईनं ओळ. एखाद्या संशोधकानं मांडावं तसं त्यांनी मांडलं होतं आणि मी, विषयाचा वक्ता, म्हणालो, “बघतो मॅडम. तुटवड्यात असे योगायोग होतात.”

“बघा सर,” त्या म्हणाल्या. “खुलासा सोमवारी द्यायचाय मला.”

रविवारी दुपारी बसलो. पेठेतल्या दोन संघांचा फुटबॉलचा सामना होता, सगळा बोळ मैदानावर गेलेला. मी कागलचा प्रोग्राम माझ्या कॉम्प्युटरवर टाकला, बी पॉझिटिव्ह निवडलं, बटण दाबलं आणि सर्व्हिसच्या हाती जो गट पोचला तो, मधे काही न करता, तसाच्या तसा पडद्यावर काढला. तिथं ‘बी’ होतं आणि त्यापुढं मोकळी जागा. पॉझिटिव्हसाठी जोडलेलं अधिकचं चिन्ह नव्हतंच.

मग मी ती फाईल काढली आणि शेवटची चाळीस पानं उघडली. फार शोधावं लागलं नाही. वेबच्या पत्त्याच्या ओळीत मोकळी जागा चालत नाही. म्हणून जुना ठरलेला संकेत असा: मोकळ्या जागेऐवजी अधिकचं चिन्ह लिहायचं आणि घेणाऱ्यानं ते परत मोकळी जागा म्हणून वाचायचं. खरोखरचं अधिकचं चिन्ह पाठवायचं असेल तर ते टक्क्याचं चिन्ह, मग दोन, मग इंग्रजी बी हे अक्षर, अशा ठरलेल्या खुणेनं पाठवायचं. जयसिंगपूरच्या पानात ब्राउझर हे आपोआप करत होता, कारण ब्राउझर लिहिणाऱ्यांनी नियम वाचला होता. कागलचा प्रोग्राम मी लिहिला होता.

तेवढंच असतं तरी निभावलं असतं. पण सर्व्हिसमध्ये मी लिहून ठेवलं होतं: शेवटी अधिक असेल तर पॉझिटिव्ह, नाहीतर निगेटिव्ह. कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हणायची सोयच मी ठेवली नव्हती. मोकळी जागा आली, अधिक नाही, म्हणून निगेटिव्ह. मशीनच्या नोंदीतही निगेटिव्ह. तो कागद, ज्यावर मी बोट ठेवलं होतं, तो माझीच चूक छापून दाखवत होता. आणि पडद्यावर आकड्याशेजारी गट दाखवला असता तर मॅडमना पहिल्याच दिवशी दिसलं असतं. त्यांनी विचारलंही होतं.

मैदानावरून एकदम मोठा आवाज आला. गोल झाला असावा.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. सोमवारी सकाळी पहिल्या बसनं कागलला गेलो, मॅडम खुलासा द्यायला कोल्हापूरला गेल्या होत्या. मी शिपायाला सांगितलं, “नेहमीची तपासणी आहे.” नवीन प्रोग्राम टाकला, आकड्याशेजारी गट दाखवला आणि अर्ध्या तासात निघालो. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं होतं, की थेट डॉक्टरांकडे जाऊन सांगायचं. रंकाळा स्टँडला उतरलो, रिक्षाही केली. रक्तपेढीच्या दारात उतरल्यावर व्हरांड्यात मॅडम बाकावर बसलेल्या दिसल्या. हातात कागद, मान खाली. मी रिक्षावाल्याला थांब म्हणालो आणि परत आत बसलो.

स्वतःशी मी जी कारणं दिली ती आठवतात. एक चूक निघाली तर लोक सगळ्याच तंत्रज्ञानावर अविश्वास दाखवतील. बाई वाचलीच आहे. मॅडमचं काय, फार तर तोंडी समज देतील. कारणं सगळी तयार होती, एकामागून एक आपोआप येत होती.

तोंडी समजेवर भागलं नाही. त्यांना कॉम्प्युटरवरून काढून शिबिरांच्या गाडीवर टाकलं. त्या वर्षी त्या कायम व्हायच्या होत्या, ते दोन वर्षं लांबलं. खुलासा आणि त्यावरचा ‘निष्काळजीपणाबद्दल ताकीद’ हा शेरा त्यांच्या सेवा-फायलीत लागला. हे सगळं मला रक्तपेढीतल्या कारकुनाकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं आणि प्रत्येक वेळी मी ‘अरेरे’ म्हटलं.

भाषणं चालूच होती. आता तर मी रक्तपेढीचं उदाहरण द्यायचो. एकदा एका कॉलेजात एका मुलीनं विचारलं, “सर, पाठवणाऱ्यानं चुकीचं काही पाठवलं तर सर्व्हिसनं अंदाज बांधायचा का?” मी म्हणालो, “कधीच नाही. स्पष्ट नकार द्यायचा. अंदाज बांधणारी सर्व्हिस धोकादायक.” उत्तर अगदी बरोबर होतं. टाळ्या पडल्या. त्यानंतर मी आणखी एकच भाषण दिलं आणि मग येणारी आमंत्रणं टाळायला लागलो. वेळ नाही म्हणायचो.

पाचेक वर्षं गेली. सासऱ्यांच्या तपासण्यांसाठी मी त्यांना घेऊन जयसिंगपूरला गेलो होतो. त्या रक्तपेढीचं केंद्र आता मोठं झालं होतं, शेजारी लॅब. काउंटरमागं मॅडम. केस थोडे पांढरे झालेले, कोटावर प्रमुख म्हणून पाटी. त्यांनी मला लगेच ओळखलं. सासऱ्यांचं रक्त स्वतः घेतलं, त्यांना बाहेर बाकावर बसवलं. मी आतच रेंगाळलो.

“मॅडम,” मी म्हणालो, “कागलचं ते... चूक तुमची नव्हती. माझ्या प्रोग्रामची होती.”

त्या नळीवर नाव लिहीत होत्या. लिहून पूर्ण केलं, नळी स्टँडमध्ये ठेवली, मग बघितलं.

“मला ठावं हाय की.”

“कधीपासून?”

“तवापासनंच. मी खुलासा द्याय गेलतो, त्याच दिवशी तुमी कागलला येऊन गेलासा. शिपाई म्हणला. दुसऱ्या दिवसापासनं आकडे बराबर. शेजारी गट पन दिसाय लागला. मला कळंना व्हय सर एवढं?”

“मग तुम्ही डॉक्टरसाहेबांना का नाही सांगितलं?”

“सांगितलं की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “साहेब म्हणले, त्यांनी तसं लिहून दिलं तर बघू. मी वाट बघितली. तुमी लिहून द्याल म्हणून.”

बाहेर सासरे खोकले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. “माफीचं राहू द्या सर. लिहून द्या. फायलीत त्यो कागद अजून हाय. दरवेळी कोल्हापूरला वरची जागा निघाली की त्यो कागद निघतोय.”

मी त्याच आठवड्यात लिहिलं. सरळ, एक पानभर. अधिकच्या चिन्हाचा नियम, माझा ‘नाहीतर निगेटिव्ह’, मोकळ्या जागेचं निगेटिव्ह कसं झालं, दुरुस्ती कधी केली, आणि ती केल्याचं मी लपवलं हेही. हे शेवटचं वाक्य लिहायला बाकीच्या सगळ्या पानाइतका वेळ लागला. दोनदा ते खोडून ‘कळवायचं राहून गेलं’ असं लिहिलं, दोनदा ते खोडलं. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या प्रमुखांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “इतक्या वर्षांनी कशाला हे उकरताय? तुमच्याच धंद्याला बरं नाही.” मॅडम माझ्याशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “लावून घ्या सर फायलीला. आन् पोच द्या.” पोच घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, “फायलीचं झालं. पन गावाकडं गेलो की बाजारात त्यो दीर दिसतोय. बघून थुकतोय अजून. त्येला कोन सांगणार?”

म्हणून मी पुढच्या रविवारी त्या खेड्यात गेलो. घर सापडायला त्रास झाला नाही. दीर अंगणात विहिरीच्या मोटारीची वायर गुंडाळत बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही. मी सांगितल्यावर ओळखलं. पहिलीत जाणारी एक मुलगी दाराच्या चौकटीला लोंबकळत आमच्याकडे बघत होती. तीच ती, हे त्यानं न विचारता सांगितलं.

मी सगळं सांगितलं. वेब, पत्ता, नियम असं काही नाही. एवढंच, की त्या बाईंनी बरोबर विचारलं होतं, माझ्या मशीननं चुकीचं ऐकलं, मला ते कळलं आणि मी गप्प बसलो. त्यानं वायर खाली ठेवली. मला वाटलं आता अंगावर येतोय. यायला पाहिजे होता. तो उठलाच नाही.

“मग मी त्या बाईला काय काय बोललो...” तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “समद्यांच्या म्होरं.”

त्यानं दारातल्या मुलीकडे बघितलं.

“ऱ्हाती कुठं आता ती?”

“जयसिंगपूरला. केंद्रावर असतात, सोमवार ते शनिवार.”

त्यानं बायकोला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मी म्हणालो, तुम्ही जाणार असाल तर मीही बरोबर येतो. त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

“नगा,” तो म्हणाला. “तुमचं तुमी केलंसा. माझं मला जाऊ दे.”